डाळिंबी शालू

श्रावणने कॅमेरा डोळ्याला लावला आणि चंदनच्या गॅलरीतून समोरच्या निंबावर रोखला. बटण दाबलं. मागच्या पडद्यावर चित्र उमटलं: साल, सालीतल्या भेगा, एका भेगेतून वर चढणारी मुंग्यांची ओळ. कुठेही रंग नव्हता.

"याच्यात रंग येतच नाही, भाऊ," चंदन म्हणाला. "कॉम्प्युटरवर टाकला तरी नाही. मी घेतला हौशीनं, पण घरात सगळे म्हणतात, एवढे पैसे घालून काळे-पांढरेच फोटो?"

चंदनची अकोल्यात कापसाची जिनिंग होती. सहा वर्षांपूर्वी त्याच्या लग्नाचे फोटो श्रावणने काढले होते, त्या ओळखीवर, कॅमेरा विकायचा म्हणून, आज त्याचा फोन आला होता. वापरलेला असूनही कॅमेऱ्याची किंमत साडेतीन लाख होती. एवढ्यात जुनी पण बऱ्यापैकी गाडी आली असती.

"आठ दिवस घेऊन जा," चंदन म्हणाला. "जमला तर ठेवा, नाही तर आणून द्या."

अमरावतीला परतताना श्रावणने बसमध्ये कॅमेऱ्याची पेटी मांडीवरच ठेवली. मूर्तिजापूरला चहासाठी बस थांबली, तरी तो उतरला नाही.

त्याचा स्टुडिओ अंबागेटच्या आत होता. तेवीस वर्षं तो लग्नांचे फोटो काढत होता, आणि या तेवीस वर्षांत एक गोष्ट फक्त त्याच्या बायकोला, रागिणीला माहीत होती. श्रावणला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नसे. विसाव्या वर्षी रेल्वेच्या भरतीत डॉक्टरांनी ठिपक्या-ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं. बाकीची पोरं धडाधड आकडे वाचत होती, त्याला नुसते ठिपके दिसले. घरी येऊन त्याने सांगितलं, छाती कमी भरली.

रागिणीला ते लग्नानंतर महिन्याभरात कळलं. तिचे वडील किसनराव मोर्शीजवळ भाजीपाला आणि फुलं पिकवत. जावई आला म्हणून त्यांनी गमतीने त्याच्या हाती टोपलं दिलं, पिकलेले टमाटे तोडून आणायला सांगितलं. श्रावणने टोपलं भरून आणलं. त्यात निम्मे हिरवे होते. किसनराव हसू लागले, तेवढ्यात रागिणी म्हणाली,

"मीच सांगतलं होतं कच्चे आणाले. चटणी कराची आहे."

त्या दिवशी तिने खरंच हिरव्या टमाट्यांची चटणी केली. त्याला मात्र काही विचारलं नाही. अमरावतीला आल्यावर ती स्टुडिओत त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसू लागली. "शालू डाळिंबी आहे, जरा मरगळून राह्यला. थोडा वाढवा. बस. आता नवरीचा गाल जास्त लाल झाला." तो बटणं फिरवायचा, ती सांगायची. लोक म्हणत, रंग पाहावेत तर श्रावणच्या अल्बमातले.

अकोल्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर त्याने नवा कॅमेरा ठेवला.

"रंगीत फोटो तर एका बटनावर काळा-पांढरा होते," रागिणी म्हणाली. "मंग याले एवढे पैसे कावून?"

"थे वेगळं अन् हे वेगळं," तो म्हणाला, आणि सकाळी काढलेला फोटो तिला मोठा करून दाखवला. अंबादेवीच्या रस्त्यावर हार विकणाऱ्या माणिकबाईंचा. दुकानाच्या आतल्या अंधारात त्या बसल्या होत्या आणि तरीही कपाळावरची सुरकुती न सुरकुती वेगळी दिसत होती.

रागिणीने बराच वेळ पाहिलं.

"चांगला आहे," ती म्हणाली. तिने हात पुसले आणि सवयीने स्टूल पुढे ओढलं. "काय कराचं याच्यात?"

"काही नाही. याच्यात तुझं काम नाही."

बोलून झाल्यावर ते तिला कसं लागलं असेल हे त्याला जाणवलं. रागिणीने स्टूल परत भिंतीशी सरकवलं, त्यावरची धूळ पदराने झाडल्यासारखी केली आणि आत गेली.

पुढचे दोन दिवस तो पहाटे निघायचा आणि उन्हं चढल्यावर यायचा. न्हावी, हमाल, शाळेच्या भिंतीला टेकलेल्या सायकली. घरी येऊन तो एकटाच पडद्यासमोर बसायचा. कोणाला काही विचारावं लागत नव्हतं. विशीत हरवलेली एखादी गोष्ट सापडावी तसं त्याला वाटत होतं. रागिणी चहा ठेवून जायची.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मोर्शीले जाऊन येते. दसऱ्याची फुलं तोडणं सुरू आहे, बाबा एकटे पडतात. जुना कॅमेरा असाच पडून आहे, नेऊ का?"

"ने ना," तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

ती दोन दिवसांनी आली. बोटं झेंडूने माखून काळपट झाली होती. रात्रीच्या स्वयंपाकाआधी तिने स्वतःच कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि श्रावणला बोलावलं.

शेत, ताडपत्री, ताडपत्रीवर फुलांचा ढीग. ढिगाच्या कडेला किसनराव टोपी काढून बसलेले, फोटोच्या अगदी कोपऱ्यात. श्रावणला ढीग, पानं आणि माती एकाच मातकट छटेची दिसत होती.

"दुपारी बाराले कोणी फोटो काढते का?" तो म्हणाला. "सावल्या पाह्य कशा पडल्या."

"तवाच तर थो रंग पेटते," ती म्हणाली.

त्याने पुन्हा पाहिलं. कुठे काही पेटलेलं दिसलं नाही. पण किसनरावांना मधोमध न बसवता कोपऱ्यात ठेवणं त्याला सुचलं नसतं, हे त्याला कळलं. त्याने तसं म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना मात्र दर्शनी भागातल्या मोठ्या पडद्यावर त्याने तोच फोटो लावला.

दुपारपर्यंत रस्त्यावरची चार माणसं तरी पडद्यासमोर थांबून गेली.

आठव्या दिवशी धामणगावहून श्यामराव आले. धान्याचे व्यापारी; मुलगी आचल सोबत होती. तिच्या लग्नाला तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली होती. श्रावणने हौसेने त्यांच्यापुढे नवे काळे-पांढरे फोटो मांडले.

"छान आहे," श्यामराव म्हणाले. "पण लग्नाच्या घरी हे कशाले? लग्नात रंग पाहिजे बापा."

आचल वडिलांजवळ नव्हती. ती मोठ्या पडद्यासमोर उभी होती.

"बाबा, असे पाहिजे," ती म्हणाली. "काका, हा फोटो कोणी काढला?"

श्रावणने तोंड उघडायच्या आत मागून रागिणीचा आवाज आला.

"यायनंच. मोर्शीले आमचं शेत आहे ना."

ती पाकिटं चिकटवत होती, तिने मान वर केली नव्हती. श्रावणने तिच्याकडे पाहिलं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. श्यामरावांनी खिशातून तारखांची डायरी काढलीसुद्धा होती.

"नाही," श्रावण म्हणाला. "थो फोटो हिनं काढला."

पाकिटांचा आवाज थांबला.

"मले लाल-हिरवं समजत नाही," तो पुढे म्हणाला. "लहानपणापासून. आजवरचे सगळे रंग हिनं पाहिले, मी नुसते फोटो काढले."

श्यामरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या अल्बमांकडे.

"माह्या पुतण्याच्या लग्नातले?"

"तेही हिनंच पाहिले."

"अन् तुमी एवढ्या वर्षांत कोणाले सांगतलं नाही?"

"नाही."

श्यामरावांनी डायरी मिटली. घरी विचारून कळवतो, असं म्हणाले. आचलने जाता जाता मोबाईलवर पडद्याचा फोटो घेतला आणि रागिणीकडे पाहून हसली. मग दोघं गर्दीत दिसेनासे झाले.

"गेलं गिऱ्हाईक," रागिणी म्हणाली.

"गेलं तर गेलं."

"अख्ख्या धामणगावले समजन आता."

"समजू दे."

डोळ्यांच्या कडा तिने मनगटाने पुसल्या, कारण बोटांना डिंक होता. मग म्हणाली,

"आज आठवा दिवस आहे. चंदनभाऊले काय सांगता?"

श्रावणने काउंटरवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. "आता लपवाचंच काही नाही उरलं, तर हा कशाले पाहिजे, असं वाटून राह्यलं."

रागिणीने हात धुतले, कोरडे केले आणि कॅमेरा उचलला. आठ दिवसांत तिने त्याला हात लावला नव्हता. डोळ्याला लावून ती रस्त्याकडे वळली आणि तशीच राहिली.

"तुमाले असंच दिसते का सगळं?"

"नाही. मले रंग दिसतात. तुमी लोक त्यायले जी नावं देता, ती जमत नाहीत."

"हं." ती दोन पावलं दारापर्यंत गेली. कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्यावरचा, रंग काढून घेतलेला रस्ता तिने पहिल्यांदाच पाहिला होता. "याच्यात कशाकडे पाहाचं? मले काहीच धरता येत नाही."

"उजेडाकडे पाह्य," तो म्हणाला. "थो पानटपरीवाला आहे ना, त्याच्या डाव्या गालावर उजेड येऊन राह्यला. सांग, कुठून?"

"वरून?"

"नाही."

ती शोधत राहिली. "समोरच्या भांडेवाल्याच्या पराती! तिथून!"

"बरोबर. आता थांब. थो मान वळवते का पाह्य."

ती थांबली. काउंटरवर श्रावणचा मोबाईल वाजू लागला. चंदन होता.

"काय ठरलं मंग, भाऊ?"

श्रावणने दाराकडे पाहिलं. रागिणी उंबऱ्यावर एक पाय टेकवून, श्वास धरून उभी होती, आणि बाजूने जाणाऱ्या माणसाला कॅमेऱ्यावरून डोळा न काढता हातानेच सरकायला सांगत होती.

"ठेवून राह्यलो," तो हळू आवाजात म्हणाला. "पण मले थो हातात कधी भेटन, ते नाही सांगता येत."