गळक्या घराची शिडी

मी शिडी बोलतेय. लोखंडाची, तेरा पायऱ्यांची, आणि एकट्या माणसानं उचलायचं म्हटलं तर चांगलाच घाम काढणारी. परभणीत जिंतूर रस्त्याच्या आतल्या अंगाला एक वस्ती आहे. तिथल्या व्यंकटराव पिंगळीकरांच्या घराच्या मागच्या भिंतीला टेकून मी एकोणीस वर्षं उभी आहे. त्या वस्तीला लोक अजूनही नवी वस्ती म्हणतात. माझ्या पायाखालची फरशी दोनदा बदलून झाली, तरी वस्ती आपली नवीच.

माझा जन्म ह्याच घराच्या उरल्यासुरल्या लोखंडातून झाला. सूर्यभान मिस्त्रीनं स्लॅब टाकला तेव्हा काही सळया आणि दोन लांब अँगल उरले. व्यंकटराव शाळेत लिपिक होते, खडूचा तुकडासुद्धा टाकून न देणारे. त्यांनी ते लोखंड हातगाड्यावर घालून बन्सीधर वेल्डरकडे नेलं आणि म्हणाले, "जिना पुढच्या वर्षी करूच. तोवर गच्चीवर जायला एक शिडी करून दे." ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही आणि माझी चलती झाली.

वास्तुशांतीच्या दिवशी व्यंकटराव येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, "झालं बाबा एकदाचं घर. आता काई बघायचं न्हाई." मी मागं उभी राहून ऐकत होते. मला तेव्हा काही कळत नव्हतं, पण त्यांनाही कळत नव्हतं. घर बांधून झालं की आपण सुटलो, असं माणसांना का वाटतं हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात पायाखालची काळी माती भेगाळली आणि बैठकीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर पडली. पावसाळ्यात तीच माती फुगली आणि पुढचं दार चौकटीत असं घट्ट बसलं, की व्यंकटरावांना आठवडाभर मागच्या दारानं शाळेला जावं लागलं. सुतारानं रंधा मारून दार सैल केलं, तर पुढच्या उन्हाळ्यात खालच्या फटीतून शेजारचं मांजर ये-जा करू लागलं. टाकीचा बॉल बदलला की मोटार जळायची, मोटार भरून आणली की नळाचा वॉशर जायचा. प्लंबर नेहमी "उद्या सकाळी येतो" म्हणायचा. त्याची उद्या सकाळ किती दिवसांनी होते हे व्यंकटरावांच्या पत्नीला, विमलाबाईंना विचारा. त्या बिचाऱ्या प्रत्येक वेळी सकाळी लवकर आंघोळ उरकून वाट बघत बसायच्या.

पण ह्या सगळ्या दुखण्यांत मोठं दुखणं एकच. स्वयंपाकघरात, बरोबर ओट्याच्या वर, छत गळायचं.

दर पावसाळ्यात तिथं थेंब धरायचा. विमलाबाईंनी ओट्यावर एक पातेलं कायमचं मांडलेलं असायचं. पोळीवर पाणी पडू नये म्हणून शेगडी डावीकडं सरकवून, भिंतीला अंग चोरून, वाकड्या उभ्या राहून त्या पोळ्या लाटायच्या. छताचे पोपडे पडायचे ते निराळेच. कंबर धरली की म्हणायच्या, "बेजार झाले बाई ह्या गळतीनं." आणि पातेलं ओतून परत जागेवर ठेवायच्या.

व्यंकटराव मात्र हार मानणारे नव्हेत. दर उन्हाळ्यात ते माझ्यावरून गच्चीवर जायचे. एकटेच. कुणी खाली धरायला येऊ का म्हटलं तर "मला काय धाड भरलीय?" हे ठरलेलं उत्तर. एका वर्षी त्यांनी डांबर ओतलं, एका वर्षी पांढरं सिमेंट फासलं, मग डब्यातलं कसलंसं महागडं औषध लावलं. एकदा मोबाइलवर कुणीतरी धाडलेला उपाय वाचून चुना, गूळ आणि बेलफळाचा गर कालवून थापला. त्यानं गळती थांबली नाही, पण अख्ख्या वस्तीतल्या मुंग्या आमच्या गच्चीवर जेवायला आल्या. हे सगळं ते स्वयंपाकघराच्या बरोबर वरच्या जागी करायचे, कारण गळतंय तिथं म्हणजे भोकही तिथंच, असा त्यांचा हिशेब. आणि काहीच लागू पडलं नाही की गल्लीत सांगायचे, "सूर्यभाननं स्लॅबच पातळ टाकला. मिस्त्रीनं फसवलं आपल्याला."

विमलाबाईंनी एकदा भीतभीत सांगितलं होतं, "अहो, पाडव्याच्या दिवशी पुरणात थेंब पडला. पाऊस न्हाई, काई न्हाई."

"पाडव्याला कुठं पाऊस आसतो का? तुझ्याच हातचं पाणी सांडलं आसंल," असं म्हणून व्यंकटराव डांबराचा डबा घेऊन निघाले. मी दाराशीच होते. मला वाटलं, अहो, जरा ऐकून तरी घ्या. पण शिडीचं कोण ऐकतं!

आता माझ्या आयुष्यातली वाईट गोष्ट सांगते. यंदाच्या चैत्रात, पाडवा होऊन दहाएक दिवस झाले होते. व्यंकटराव निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, वय साठ, पण ताठा तोच. एका हातात औषधाचा डबा घेऊन ते वर चढत होते. माझी दहावी पायरी आतून गंजून गेली होती. मला ते ठाऊक होतं. त्यांचा पाय पडला आणि ती जोडापासून निखळली. व्यंकटराव खाली आले, डबा त्यांच्या मागून आला, आणि सगळ्यांत शेवटी मी आडवी झाले. त्यांचा घोटा मोडला. एकोणीस वर्षं ज्या माणसाला पेललं त्यालाच मी पाडलं, ह्याचं मला फार वाईट वाटलं.

पुण्याहून मुलगा, अथर्व, धावत आला. बापाचं प्लास्टर बघून तो चांगलाच वैतागला. "बाबा, पुरे झालं हे. कुणासाठी करायलात? घर विका आणि माझ्याकडं चला." व्यंकटरावांना लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माणूस काहीही कबूल करतो. ते म्हणाले, "ठीक हाय. यंदाच्या पावसात गळालं, तर दिवाळीनंतर घर काढून टाकू."

विमलाबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. घर त्यांचंही होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही. पुण्याला अथर्वच्या सहाव्या मजल्यावर त्या दोन महिने राहून आल्या होत्या. तिथं सगळं चकाचक होतं, पण शेजारणीचं नाव त्यांना निघेपर्यंत कळलं नव्हतं. इथं त्यांच्या हातचं सीताफळीचं झाड होतं, भाजीवालीशी रोजचं भांडण होतं, समोरच्या आळीत भजनाचा गट होता. अथर्व गेल्यावर मागं आल्या आणि मी पडले होते तिथं माझ्याजवळ बसून पदरानं डोळे पुसले. मग उठून त्यांनी रिक्षा बोलावली, मला बन्सीधरकडं पाठवलं आणि सूर्यभान मिस्त्रीला फोन लावला.

सूर्यभानचे गुडघे गेले होते. त्याचं काम आता त्याची मुलगी संघप्रिया बघायची. ती बापाच्या हाताखाली काम शिकली, पुढं तिनं आयटीआयही केलं. ती आली तेव्हा मी नवी पायरी लावून, रंग ओढून भिंतीला उभी होते. आता ही आधी माझ्याकडंच येणार, मिस्त्री लोक तसंच करतात, असं मला वाटलं. पण ती सरळ स्वयंपाकघरात गेली. खाटेवरून व्यंकटराव म्हणाले, "अगं, गच्ची वर हाय."

"गच्ची मला माहीत हाय, काका," ती म्हणाली. "माझ्या बापाचा स्लॅब पातळ हाय आसं तुमी सगळ्या गल्लीला सांगितलं. ते खरं हाय का ते बघायला आले मी. न्हाईतर आले नसते." मग तिनं ओट्याला टेकून विमलाबाईंना विचारलं, "काकू, नेमकं कधी गळतं ते सांगा बरं मला."

एकोणीस वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. विमलाबाई आधी गडबडल्या, आणि मग बोलतच सुटल्या. "भुरभुर पावसात न्हाई गळत बघ. जोराचा झाला तरी लगेच न्हाई, दुसऱ्या दिवशी गळतं. पाऊस उघडला तरी दोन दिवस चालू राहतं. आन हसू नको, पण पाडव्याला गळतं. दरसाल."

संघप्रिया हसली नाही. "पाडव्याला वर काय करत्यात काका?"

"गुढी उभारतो. दुसरं काय करणार?" खाटेवरून उत्तर आलं.

"कशात उभारता?"

"पाइपात. मी सोता बसवलाय पुढच्या कोपऱ्याला. आदल्या दिवशी दोन बादल्या पाणी ओतून धुऊन घेतो, वर्षभराचा कचरा आसतो त्यात…" ओतलेलं पाणी कुठं जातं ह्याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

खरं सांगते, त्या कामाला मी साक्षीला होते. राहायला आल्यावरच्या पहिल्या पाडव्याला, आपली गुढी वस्तीत सगळ्यांत उंच दिसावी म्हणून, ते छिन्नी-हातोडा घेऊन माझ्यावरून वर गेले होते. सूर्यभाननं जीव लावून केलेला कोबा, म्हणजे स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर, फोडून त्यांनी स्लॅबमध्ये चार बोटं खोल भोक पाडलं आणि लोखंडी पाइप ठोकून बसवला. वरून तोंड उघडं. गुढी संध्याकाळी उतरायची, पाइप वर्षभर आ वासून उभा असायचा.

"पण तो पाइप पुढं हाय आन गळतं मागं," व्यंकटराव अजून मानायला तयार नव्हते.

"पाणी शिरलं तिथंच गळंल आसं न्हाई काका. सळईच्या कडंकडंनं जातंय ते. तुमी थांबा." तिनं विमलाबाईंकडून कपड्यांची नीळ मागून घेतली, बादलीत कालवली, आणि माझ्यावरून झपाझप वर गेली. चढताना तिनं मला हलवून पाहिलं होतं, हे मला आवडलं. सगळी नीळ तिनं पाइपात ओतली आणि घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलाबाईंनी आरडाओरडा करून व्यंकटरावांना बोलावलं. ते काठी टेकत आले. ओट्यावरच्या पातेल्यात निळा थेंब पडला होता. बघता बघता दुसरा पडला. वैशाखातलं लख्ख ऊन, आकाशात ढग नाही, आणि आमच्या स्वयंपाकघरात निळं पाणी गळतंय. व्यंकटरावांनी तिसरा थेंब बोटावर झेलला. मग म्हणाले, "विमल, तू सांगितलं होतंस." त्यांनी तिथंच उभ्या उभ्या सूर्यभानला फोन लावला आणि चूक माझी होती, तुझ्या स्लॅबची नव्हती, असं दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं, म्हणजे शेजारीही ऐकतील.

संघप्रियानं पाइप काढला, भोक आतपर्यंत साफ करून पक्कं भरलं, वरून कोबा केला. गुढीसाठी कठड्याला बाहेरच्या अंगानं एक कडी लावून दिली. मग गच्चीची पाणी जायची वाट बोळे कोंबून बंद केली आणि गच्ची घोट्याइतकी भरून ठेवली. "तीन दिवस आसंच राहू द्या," म्हणाली.

ते तीन दिवस घरात कुणाला धड जेवण गेलं नाही. विमलाबाईंनी पातेल्याच्या जागी परात ठेवली आणि तीत कोरडं पीठ पसरून हातानं सारखं केलं, म्हणजे एक टिपूस जरी पडला तरी खळगा दिसेल. दिवसातून दहा वेळा त्या वाकून बघायच्या. व्यंकटराव दारातून विचारायचे, "काय म्हणतंय पीठ?" त्यांनाही इथून जायचं नव्हतं. ते पुण्याला हो म्हणून बसले होते, पण रोज सकाळी सीताफळीला पाणी मीच घालणार म्हणून हट्ट धरायचे.

चौथ्या दिवशी पीठ जसंच्या तसं होतं. विमलाबाईंनी त्याच पिठाच्या पोळ्या केल्या, शेगडी मधोमध ठेवून, सरळ उभं राहून.

संघप्रिया पाणी सोडायला वर गेली आणि कठड्यावरून वाकून म्हणाली, "काकू, या की वर. तुमची गच्ची बघा."

तेव्हा मला आठवलं, त्या कधी वर गेल्याच नव्हत्या. साडी आहे, पडशील, तुझं काय काम, असं म्हणून कुणी त्यांना चढूच दिलं नव्हतं. त्यांच्या पायाचं वजन किती हे मला माहीत नव्हतं. त्यांनी व्यंकटरावांकडं पाहिलं. व्यंकटरावांनी काठी भिंतीला लावली, आणि एकोणीस वर्षांत कुणीही केलं नव्हतं ते केलं. दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं. "जा तू. मी हाय खाली."

त्या हलक्या होत्या, आणि प्रत्येक पायरीवर थांबत होत्या. दहाव्या पायरीवर मी श्वास रोखला. वर पोचल्यावर त्या कठड्याशी गेल्या. मग आवाज आला, "अहो! इथून रेल्वेचं स्टेशन दिसायलंय! वारं तर किती हाय बघा. मी येडी आंगणात वाळवण घालत बसते, कुत्री हाकलत!"

"उतर आता. ऊन लागंल."

"जरा बसते."

व्यंकटरावांच्या खिशात अथर्वचा फोन वाजू लागला. त्यांनी तो घेतला नाही, कारण मला सोडावं लागलं असतं. फोन थांबला तसे स्वतःशीच म्हणाले, "सांगू त्याला. येऊ आमी, पण चार दिवस राहायला."

वाचणाऱ्यांनो, घर म्हटलं की गळणार, चिरणार, फुगणार. पुढच्या महिन्यात इथली मोटार जाणार आहे, तिचा आवाजच सांगतोय. तुम्हीही तुमच्या घरच्या शिडीवर चढाल. खुशाल चढा, आम्ही त्यासाठीच आहोत. फक्त आधी आमचे जोड बघून घ्या, ज्या ओट्यावर थेंब पडतो त्या ओट्याशी उभ्या असणाऱ्या माणसाला चार गोष्टी विचारा, आणि खाली कुणीतरी धरायला ठेवा.

विमलाबाई अजून वरच आहेत. व्यंकटरावांचे हात घामेजलेत, घोटाही दुखत असणार. पण त्यांनी मला सोडलेलं नाही.