कॉम्प्युटर बाहेर गेला आहे

धाडच्या बसस्टँडजवळ रेणुकाचं टायपिंगचं दुकान होतं. बाजाराच्या आदल्या दिवशी तिच्या कॉम्प्युटरनं धूर सोडला आणि मान टाकली. चिखलीच्या दुरुस्तीवाल्यानं तो उघडून पाहिला, नाक दाबलं आणि म्हणाला, "ताई, याले पंधरा दिवस तरी लागतीन. पण तुमचा मोबाइल भारी हाय. त्यालेच वायरनं टीव्ही जोडा, कीबोर्ड लावा. झाला कॉम्प्युटर."

रेणुकाला ती थट्टाच वाटली. पण घरी येऊन वायर लावली, तर टीव्हीवर खरंच कॉम्प्युटरसारखा पडदा उघडला. तिनं लगेच नवऱ्याला, गोकुळला, टीव्ही उतरवून दुकानात न्यायला लावला. टेबलावर जागा नव्हती, म्हणून तो आतल्या भिंतीवर, बरोबर दारासमोर लागला.

अडचण एकच होती. टीव्ही सासूबाईंचा होता.

मनकर्णाबाई भांडल्या नाहीत. सकाळी टीव्हीच्या मागोमाग त्याही दुकानात आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "तुहं काम चालू दे. मी पाह्यते," म्हणाल्या. पाहता पाहता त्या वाचायलाही लागल्या, तेही मोठ्यानं. बाजाराला आलेली माणसं टीव्ही चालू दिसला म्हणून पिशव्या घेऊन दारात थांबू लागली.

अशात कडूबा आला. मिरची-वांगी पिकवणारा, सरळ, पण लग्न जमत नसल्यानं कातावलेला माणूस. त्याला बायोडाटा करायचा होता. तो रेणुकाच्या कानाशी वाकून हळूच सांगत होता आणि भिंतीवर एकेक अक्षर वीतभर उंचीचं उमटत होतं.

"वय बत्तीस," मनकर्णाबाईंनी वाचलं आणि त्या गर्रकन वळल्या. "काऊन रे कडूबा? तू अन् आमचा गोकुळ एकाच महिन्यातले. गोकुळ अडतीसचा हाय."

दारात खसखस पिकली. रेणुकानं मुकाट्यानं आकडा बदलला.

"शेती दहा एकर."

"त्यातली सहा तुह्या चुलत्याची!"

"मावशी, हळू बोला ना," कडूबा काकुळतीला आला.

"मी हळूच बोलून राह्यले. लिहिलंच मोठ्ठं हाय."

रेणुकाला त्याची दया येत होती आणि हसूही आवरत नव्हतं. तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल वाजला. सगळा टीव्ही भरून नाव आलं, जयमाला. ही रेणुकाची साखरखेर्ड्याची मावसबहीण. पस्तिशीची, शिवणकामाचं दुकान चालवणारी. थापा मारतात म्हणून तिनं अकरा स्थळं परत पाठवली होती. फोन कट करायला रेणुकानं घाईनं माऊस दाबला आणि फोन उचलला गेला.

"ताई, ब्लाउजचं कापड..." टीव्हीतून खणखणीत आवाज आला.

"जयमाला, मंग कर. इथं कडूबाचा बायोडाटा चालू हाय," मनकर्णाबाई टीव्हीकडं पाहून ओरडल्या. "बत्तीस सांगत होता. मी अडतीस करून घेतलं."

"मंग? चिडला का तो?"

कडूबानं घाम पुसला. "नाही," तो टीव्हीलाच म्हणाला. "खरंच अडतीस हाय. शेतीबी चारच एकर."

"अजून काय लपवलं?"

"घोरतो मी."

बाहेरचे लोक मनापासून हसले. टीव्हीतली जयमालाही हसली. "ताई, त्यायच्याकडं फोन दे जरा," ती म्हणाली.

रेणुका काही बोलायच्या आत कडूबानं मोबाइल उचलला. वायर निसटली, टीव्ही काळा झाला आणि तो बोलत बोलत दुकानाबाहेर पडला. जाऊन उभा राहिला समोरच्या लिंबाखाली.

"तुहा कॉम्प्युटर चालला की वं," मनकर्णाबाई म्हणाल्या.

पीक विम्याच्या अर्जासाठी आलेले भगवानराव घड्याळ पाहत होते. एक बाई हॉल तिकिटासाठी खोळंबली होती. रेणुकानं कागदावर पेनानं 'कॉम्प्युटर बाहेर गेला आहे, थांबावे' असं लिहून दाराला चिकटवलं. भगवानराव एकदा कागदाकडं आणि एकदा लिंबाकडं पाहून भजी खायला गेले.

पाऊण तासानं कडूबा परतला. मोबाइलमध्ये दोन टक्के चार्जिंग उरलं होतं. "वयनी, रविवारी या म्हणते," एवढंच बोलला.

रविवारी मनकर्णाबाई त्याला घेऊन जीपनं साखरखेर्ड्याला गेल्या. जयमालानं चहा दिला, शेताचं विचारलं, मग त्यानं न सांगताच गळ्यातली टेप काढून शर्टासाठी त्याचं माप घेतलं. "आठ दिवसांनी येऊन न्या," म्हणाली आणि मशीनवर बसली.

परतताना कडूबानं विचारलं, "मावशी, मंग होकार हाय का नकार?"

मनकर्णाबाईंनी कपाळावर हात मारला. "अबे, नकार द्याचा असता तर तिनं माप काऊन घेतलं असतं?"