आर्मांच्या मुठीतली वाकडी पटाशी

मी एक जुनी, वाकड्या तोंडाची पटाशी आहे आणि माझा मालक आर्मां हा एक नंबरचा हेकट म्हातारा आहे. मित्रांनो, कुणाबद्दल असं बोलू नये, कळतं मला. पण तीस वर्षं त्याच्या मुठीत काढली असती, तर तुम्हीही बोलला असता.

इथेच, अमेरिकेतल्या व्हरमाँटात, त्याच्या बापाने ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून मला घडवलं. लेथवर गरगरणाऱ्या लाकडी भांड्याच्या चिंचोळ्या तोंडातून शिरायचं आणि त्याचं पोट कोरायचं, हे माझं काम. आत काही दिसत नाही. भिंत पातळ होऊ लागली की आवाज चढतो, त्यावरून जाडी ओळखायची. जत्रेत लोक भांड्यांची वाहवा करत. माझं नाव कुणी काढलं नाही.

वसंतात त्याची बायको रोझ स्वयंपाकघरात कोसळली. तिच्या हाका शेजारणीला ऐकू गेल्या. पन्नास पावलांवरच्या कामाच्या शेडमधून आर्मां मात्र आला नाही; रोझ गेली. ‘मशीन चालू होतं,’ एवढंच तो म्हणतो. तेव्हापासून रोझची थोरली बहीण लुसिल त्याला पाण्यात पाहते.

परवा रोझची राख ठेवायला त्याने मेपलचा ओला ओंडका लेथवर चढवला. ज्या झाडाचा रस ती दरवर्षी पाकासाठी काढायची, त्याचाच. लुसिल समोर येऊन उभी राहिली.

“भांड्यामागे दिवा लाव. पातळ भिंतीतून उजेड दिसतो.”

तो तिच्या तोंडाकडे पाहत होता. “दिवा नवशिक्यांना. मला कान आहेत.”

“त्या दिवशी कुठे ठेवले होतेस?”

त्याने पाठ फिरवली, मशीन सुरू केलं आणि मला आत खुपसलं. आवाज चढत चढत किंचाळायला लागला. मेल्या, थांब की आता, म्हणून मी थरथरत होते. मागून लुसिलही ओरडली, “थांब, भिंत गेली.” तो थांबला नाही. भांडं फुटलं, तुकडे छताला लागले.

लुसिलने बटण बंद केलं. त्याच्या पाठीमागून म्हणाली, “आर्मां.” मग मोठ्याने, “आर्मां.” तो तुकडे वेचत राहिला.

ती वळसा घालून त्याच्या पुढ्यात आली. तिचा चेहरा उतरला होता. “कान जाऊन किती वर्षं झाली?”

“सहा.”

“रोझला सांगितलं नव्हतंस?”

“लाज वाटली.”

“फोन तिच्या खिशात होता रे. तू येशील म्हणून ती हाकाच मारत राहिली.”

आर्मां खाली बसला. लुसिलने त्याला माफबिफ केलं नाही. “ऊठ,” ती खेकसली, “दुसरा ओंडका चढव. ऐकायला मी थांबते.”

मित्रांनो, पटाशीला धार लावा, तेल द्या, एवढी माझी विनवणी आहेच. पण ऐकू येईनासं झालं, तर आधी घरच्यांना सांगा. ती माणसं तुमच्या कानांच्या भरवशावर असतात.