अवजड वाहनांस बंदी

मित्रांनो, मी एक जुना घाटरस्ता आहे. माणसाच्या प्रगतीला रस्त्यांनीच गती दिली, असं तुम्ही कधीतरी निबंधात लिहिलं असेल. ते अगदी खरं आहे. माझ्या बाबतीत एवढंच झालं, की प्रगती दुसऱ्या रस्त्याने निघून गेली आणि मी आहे तिथेच राहिलो.

माझा जन्म पहारी, फावडी आणि शिव्या यांच्या सहवासात झाला. डोंगराला सरळ भिडण्याची कुणाची ऐपत नव्हती, म्हणून मला वळणं देण्यात आली. आखणी करणारा मुकादम चढताना जिथे जिथे धाप लागून बसला तिथे तिथे वळण पडलं, असं वरच्या गावात सांगतात. पुढे लोक त्यालाच सौंदर्य म्हणू लागले. एका माणसाचा दमा आजवर किती जणांच्या फोटोत आला असेल, कोण जाणे.

उमेदीच्या काळात मी कुळकुळीत काळा होतो. लाकडाचे ट्रक, दुधाचे कॅन, लग्नाची वऱ्हाडं, सगळं माझ्या अंगावरून गेलं. मग पलीकडच्या डोंगरातून बोगदा निघाला आणि ट्रकांनी मला असं टाकलं, की जणू आमची कधी ओळखच नव्हती. अंगावर खड्डे पडले. रस्ते खात्याची माणसं अधूनमधून यायची, खड्ड्यात डोकवायची, हळहळायची आणि जायची. मला वाटतं, हळहळण्यासाठी त्यांना वेगळा भत्ता मिळत असावा.

उरले ते गावातले चार टेम्पो-ट्रॅक्टर आणि एक बस. बस रात्री वरच्या गावात मुक्काम करायची, सकाळी खाली शहरात जायची, संध्याकाळी परत यायची.

माझ्या मधल्या वळणावर एका मावशीचं चहाचं दुकान होतं. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, एक स्टोव्ह आणि मागे एका खोलीचं घर. घरात मावशी आणि तिच्या सासूबाई. सासूबाईंची मूत्रपिंडं थकली होती, जीभ मात्र ठणठणीत होती. त्यांना आठवड्यातून दोनदा शहरातल्या दवाखान्यात डायलिसिसला न्यावं लागे. बसचा ड्रायव्हर वरच्या वळणावर आला की दोनदा हॉर्न द्यायचा. पहिल्या हॉर्नला मावशी सासूबाईंच्या पायात चपला घालायची, दुसऱ्याला त्यांना उठवायची, आणि बस थांबेपर्यंत दोघी दारात उभ्या असायच्या. हे वेळापत्रक कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते कधी चुकलं नाही.

मग सायकलवाले आले.

पहिला आला त्याला सासूबाईंनी हेल्मेटकाका असं नाव ठेवलं, कारण चहा पितानाही तो ते काढत नसे. बँकेतून निवृत्त झालेला, अंगाला चिकटलेले भडक कपडे, वागायला अतिशय सज्जन. घामाघूम होऊन बाकड्यावर टेकला आणि म्हणाला, "मावशी, काय शांतता आहे हो इथे. तुम्ही नशीबवान आहात."

"बसा ना, साखर किती घालू?" मावशी म्हणाली.

आतून सासूबाई म्हणाल्या, "एवढा शिकलासवरलेला दिसतो. बसचं तिकीट काढायला काय झालं होतं ह्याला?"

काका पुन्हा आले, मग मित्रांना घेऊन आले. माझं तोंडभरून कौतुक होऊ लागलं. वर्षानुवर्षं ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, त्याला 'स्वर्ग' म्हटलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. गर्दी नाही, धूर नाही, हॉर्न नाही, असं ते एकमेकांना सांगत. मला कुणी वापरत नाही, ह्याचं इतकं सुंदर वर्णन मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

एक दिवस काका आनंदाने सांगत आले, "मावशी, येत्या रविवारी आमचा सगळा क्लब येतोय. रस्ते खात्याचे मोठे साहेबही येणार आहेत सायकलवर. शांत सायकलमार्ग निवडायचे आहेत त्यांना. तुमचा रस्ता पसंत पडला, तर नवा कोरा होईल."

ही बातमी संध्याकाळच्या बसने वर गेली आणि गावात उत्साहाचं वारं शिरलं. मोठे साहेब पहिल्यांदाच येणार होते. मावशी स्वतः वरच्या गावात गेली आणि पारावर नव्हे, पिठाच्या गिरणीसमोर, कारण तिथे सगळे भेटतात, सगळ्यांना म्हणाली, "पाहुणे चढ चढून यायचेत. त्यांच्या नाकातोंडात धूर जायला नको. एक दिवस गाड्या घरी ठेवा रे."

टेम्पोवाले लगेच तयार झाले. ड्रायव्हर जरा घुटमळला. "मावशी, माझी सरकारी गाडी आहे. मी कशी ठेवू?"

"भाऊ, रस्ता नवा झाला तर कमरेचा त्रास कुणाचा जाणार? माझा?"

ड्रायव्हरने कमरेवर हात ठेवून विचार केला आणि रविवारी बस शाळेमागे उभी केली. इंजिनात बिघाड, असं खाली कळवलं. प्रवाशांनीही समजून घेतलं. पोरीबाळींनी मला खालपासून वरपर्यंत झाडून काढलं. अंगावर शेणाचा पो सुद्धा राहू दिला नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझी इतकी काळजी कुणी घेतली नव्हती, आणि माझं एवढं वाटोळंही कुणी केलं नव्हतं.

साहेब आले. गोरेगोमटे, मृदू बोलणारे, पोटरीत गोळा आलेले. मावशीने त्यांना गरम पाण्याची पिशवी दिली, चहा दिला. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. माझ्यावर चिटपाखरू नव्हतं.

"एकही गाडी भेटली नाही वाटेत," साहेब म्हणाले. "रोज असाच असतो का हो?"

पाहुण्यासाठी आपण काय केलं, ते पाहुण्याला सांगायचं नसतं. मावशी लहानपणापासून हेच शिकली होती. तिने संकोचाने पदर सारखा केला आणि म्हणाली, "हो, असाच असतो."

"आणि कागदोपत्री एक बस आहे, ती?"

"असते आपली. तिचं काय एवढं."

साहेबांनी मान डोलावली. आतून सासूबाई काहीतरी बोलायला लागल्या, तेव्हा मावशीने खोलीचं दार हलकेच लोटून घेतलं.

पावसाळा सरल्यावर माझ्यावर नवं डांबर पडलं. मी पुन्हा कुळकुळीत काळा झालो. गावाने मावशीला डोक्यावर घेतलं. कडेला पांढरे पट्टे आले, पायथ्याशी एक हिरवी पाटी आली आणि पाटीशेजारी दोन लोखंडी खांब रोवले गेले. त्यांच्यामधून टेम्पो जेमतेम जाई. बस जात नसे. पाटीवर लिहिलं होतं: शांत सायकलमार्ग. अवजड वाहनांस बंदी.

ड्रायव्हर शेवटचा आला तो पायी. "मावशी, माझी बदली झाली बोगद्याच्या रस्त्यावर," एवढंच म्हणाला आणि चहा न घेता गेला.

हेल्मेटकाका आले तेव्हा मावशीने त्यांना गाठलं. "काका, बस बंद केली हो त्यांनी. सासूबाईंना कसं न्यायचं?"

काकांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी पहिल्यांदाच हेल्मेट काढलं. "पण मावशी, साहेबांनी विचारलं होतं ना तुम्हाला. तुम्हीच म्हणालात, असाच असतो म्हणून."

"ते म्हणायचं असतं, काका."

"मी बोलून बघतो," काका म्हणाले. मग थोडा विचार करून, मनापासून म्हणाले, "हल्ली बॅटरीच्या सायकली निघाल्यात. मागे गादी बसवता येते."

आतून आवाज आला, "त्यालाच बसव म्हणावं गादीवर. मी ढकलते खालपर्यंत."

काही दिवस दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मधोमध खुर्ची ठेवून सासूबाई खाली गेल्या. टेम्पो पहाटे सुटायचा आणि दुपारीच परतायचा, तेव्हा त्या दवाखान्यातच असायच्या. येताना मावशी त्यांना हातगाडीवर बसवून वर आणायची. प्रत्येक वळणावर धाप लागून थांबायची. मुकादमाची वळणं तेवढ्यापुरती उपयोगी पडली. समोरून सायकलवाले सुसाट उतरायचे आणि आदराने घंटी वाजवायचे.

दोनदा हातगाडी उतारावर निसटली. दुसऱ्यांदा सासूबाई बोलल्याच नाहीत, तेव्हा मावशी घाबरली. त्याच आठवड्यात तिने दवाखान्यामागे एक खोली घेतली, स्टोव्ह आणि बाकडी टेम्पोत घातली आणि दाराला कुलूप लावलं. जाताना सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मेला गुळगुळीत झालाय नुसता."

मित्रांनो, रस्त्याची काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगणार होतो. झाडा, डागडुजी करा, कचरा टाकू नका. पण माझी काळजी घेऊन झाली आहे. तेव्हा एवढंच सांगतो, की एखादा रस्ता रिकामा दिसला तर त्याचं कौतुक करण्याआधी, कोण यायचं राहिलंय ते विचारा.

मी आता फार शांत आहे. सायकलवालेही येत नाहीत. ते सगळे बोगद्याच्या रस्त्याने जातात, कारण तिथे चहा मिळतो.