पंपावर उतरवलेली माणसं

मयताच्या दर्शनाहून थेट आपल्या घरी जायचं नाही, हा आम्हा फिलिपिनो लोकांचा नियम. वाटेत कुठेतरी थांबायचं, काहीतरी खायचं-प्यायचं, चार फालतू गप्पा मारायच्या. मागोमाग आलेला मेलेला माणूस तिथे घुटमळतो आणि आपण सटकतो. गावाकडे यासाठी बेकरी असते, खानावळ असते. इथे डॅरनबीत, या परक्या देशातल्या आडगावात, पाच वाजता सगळं बंद. उघडा राहतो तो हायवेवरचा पेट्रोलपंप आणि त्याच्या दुकानातलं कॉफीचं मशीन.

त्यामुळे मांसाच्या कारखान्यात कामाला म्हणून आम्ही आलो तेव्हापासून आमची झाडून सगळी मेलेली माणसं आम्ही त्या पंपावर उतरवली. मालक कॉलिन, भला माणूस. आम्हाला त्याची कॉफी आवडते असा त्याचा समज होता. खरं तर ती कॉफी प्यायला कुणाला तरी मरावंच लागे. पुढे त्याची बायको निघून गेली, कुत्रं दुकानात पाय ठेवेना, आणि तो स्वतः मशीनजवळच्या खुर्चीपुढे रिकामे कप मांडायला लागला. शेवटी येईल त्या किमतीला पंप विकून तो समुद्राकडे गेला. आम्हाला फार वाईट वाटलं. निरोपाला तळलेल्या शेवयांचं मोठं ताट नेलं.

पंप घेतला तो आमच्यातल्याच मारिवेलनं. ॲडलेडहून आलेली, नवरा एल्मर लांबच्या ट्रकवर, निंगनिंग नावाची वर्षाच्या आतली पोर. राहायला पंपामागच्याच दोन खोल्या. तिला कुणी काही सांगितलं नाही. सांगायचं सगळ्यांच्याच मनात होतं. पण आमच्या मंडळात ठरावाशिवाय काही होत नाही, आणि हा ठराव कुणी मांडेना.

एकदा पेट्रोल भरायला गेलो तर मारिवेल म्हणाली, "कुया," म्हणजे दादा, "तुम्ही वडीलधारे आहात म्हणून विचारते. त्या खुर्चीवर पूर्वी कोण बसायचं हो?"

"गिऱ्हाईक," मी म्हटलं.

"मग हे बघा." तिनं पोरीला खाली सोडलं. निंगनिंग रांगत खुर्चीपाशी गेली, खुर्चीचा पाय धरून उभी राहिली आणि मान वाकवून कपाळ पुढे केलं. थोडा वेळ तशीच. मग जरा सरकून पुन्हा. आणि पुन्हा. मोठ्यांचा हात कपाळाला लावून घ्यायची आमची रीत आहे. पोर ओळीनं सगळ्यांच्या पाया पडत होती म्हणा ना.

"आम्ही शिकवलेलं नाही," मारिवेल म्हणाली. "आणि हल्ली दूधही पीत नाही. पोट भरल्यासारखं तोंड फिरवते. हिला भरवतंय कोण, कुया?"

आमचं मंडळ दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मुलांसाठी संस्कृतीचे वर्ग चालवतं. इतक्या वर्षांत ही रीत एकाही पोराच्या अंगवळणी पडली नाही. खुर्चीनं ते महिन्याभरात करून दाखवलं. मी उकाड्याचा विषय काढला.

त्याच आठवड्यात लोला सेपा गेली. लोला म्हणजे आजी, पण नात्यानं ती कुणाचीच नव्हती. आम्ही पाळीवर असताना आमची सगळ्यांची पोरं तिनं सांभाळली. पोरं मोठी होऊन शहरात गेली, तरी तिचे हात रिकामे राहायला तयार नव्हते. मारिवेल दिसली की म्हणायची, "दे गं पोर जरा. परत देईन." शेवटी शेवटी 'परत देईन' म्हणायचं तिच्या लक्षात राहत नसे.

इथे मेलेल्यालाही पाचनंतर भेटता येत नाही. अंत्यविधीवाल्यांनी दिवे मालवले, आम्ही बाहेर आलो. ऊन अजून डोळ्यांत जात होतं. मारिवेलनं पोरीला लाल टोपडं घातलं होतं. लाल रंगाला मेलेले शिवत नाहीत.

"थेट घरी नाही ना जायचं?" तिनं विचारलं. "इथे तुम्ही थांबता कुठे?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. आमच्यातला बितोय मात्र स्वभावानं मोकळा. "कुठे म्हणजे? पंपावर! दुसरं काय उघडं असतं या मसणात?" बायकोनं त्याला कोपर मारलं, पण तोवर उशीर झाला होता.

मारिवेल तडक वळली. पोरीला गाडीत घातलं आणि गेली.

आम्ही पोचलो तर पंपाच्या तोंडाशी साखळी, आणि साखळीच्या अलीकडे मारिवेल, कडेवर पोर. ती स्वतःही आत गेलेली नव्हती.

"साखळी काढ गं," मंडळाच्या अध्यक्षा आते कुरिंग, आते म्हणजे ताई, काच खाली करून म्हणाल्या. "घोटभर घेतो आणि जातो."

"माझ्या घरात आणून सोडत होतात, आते?"

"तेव्हा ते तुझं घर नव्हतं, बाळा."

"कॉलिनचं तर होतं!"

"कॉलिन आपल्यातला नव्हता," आते कुरिंगनी समजूत घातली.

मारिवेलनं साखळी काढली. "या आत. आज कॉफी नाही. ज्याचं माणूस त्यानं हाक मारून घरी न्यायचं. नाही तर पोरीला घेऊन मी एकेकाच्या घरी राहायला येते. इथून निघेन ती थेट येईन. वाटेत कुठेही थांबणार नाही."

एवढं पुरलं. बितोयनं बापाला हाक मारली. आते कुरिंगनी नवऱ्याला मारली, जरा हळूच, कारण दुसरे यजमान गाडीत बसले होते. मी माझ्या गेलेल्या बायकोला, फेलिंगला, हाक मारली, शेजारचं दार उघडून धरलं आणि लावलं. गाडी सुरू केली तशी शेजारच्या रिकाम्या सीटच्या पट्ट्याची घंटी वाजायला लागली. फेलिंगनं जन्मात कधी पट्टा लावला नव्हता.

"आणि लोला सेपा?" मारिवेलनं विचारलं. "तिला कोण नेतंय?"

गाड्यांच्या काचा वर जाऊ लागल्या.

"ती तर सगळ्यांचीच," आते कुरिंग शेवटी म्हणाल्या. "मंडळाच्या बैठकीत ठरवू."

गाड्या एकेक करून निघाल्या. माझी मागची सीट मोकळी होती. पण घंटी वाजत होती, आणि फेलिंगला पाहुणे आवडत नसत.

वळणावर आरशात पाहिलं. मारिवेल वाकून साखळी पुन्हा लावत होती. लाल टोपडं खाली धुळीत पडलं होतं. आणि निंगनिंग तिच्या कडेवरून बाहेर झुकली होती, दोन्ही हात पसरून. कुणी उचलून घ्यायला पुढे झालं की पोरं झुकतात तशी.