उजव्या अंगाचं दार

पत्र मी चौथ्यांदा वाचून दाखवलं आणि चष्मा काढून ठेवला. आता पाचव्यांदा वाचायला सांगितलं तर सरळ उठून घरी जायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. शाळेत चित्रकला शिकवतो म्हणून गावभरच्या पत्रांचा मक्ता काही मी घेतलेला नाही. पण भिकाजी मेस्त्रींनी पाचव्यांदा वाचायला सांगितलं नाही. समोर बाकावर ठेवलेल्या लाकडी विमानाच्या डाव्या बाजूवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "शेवटचां तेवढां वाचा."

शेवटची ओळ मला पाठ झाली होती. 'डाव्या बाजूचं सगळं माप यात आलं. उजव्या बाजूचं पुढच्या पत्रात पाठवतो. आईला नमस्कार.' खाली सत्यवानाची सही आणि सत्तावन्न सालच्या सप्टेंबरातली तारीख. पुढचं पत्र आलंच नाही. ऑक्टोबरात तार आली.

सत्यवान हा भिकाजींचा एकुलता एक मुलगा. हवाई दलात बिनतारी यंत्रावर होता. आसामच्या पलीकडे डोंगरातल्या चौक्यांवर तांदळाची पोती टाकणाऱ्या विमानात तो पायलटांच्या मागं बसत असे. एका सकाळी ते विमान धुक्यात गेलं ते परत आलं नाही. तीन आठवडे शोध झाला, हाती काही लागलं नाही, आणि मग विमानातले सगळे मृत समजावेत असं हवाई दलाच्या कचेरीचं पत्र आलं. ते पत्रही मीच वाचून दाखवलं होतं. त्या घरातली वाईट पत्रं वाचायचं काम का कोण जाणे, माझ्याच वाट्याला आलं.

विमानाच्या नमुन्याची कल्पना सत्यवानाचीच. रजेवर येताना मुंबईत एका खेळणीवाल्याच्या दुकानात त्यानं परदेशी पेटी पाहिली होती. आत विमानाचे सुटे तुकडे आणि एक कागद. कागद बघून तुकडे सरसानं जोडायचे, रंग द्यायचा. त्यानं दुकानदाराला सांगितलं, माझे वडील याहून चांगलं करतील. दुकानदार हसला असेल, पण नमुना पाठवा म्हणाला. भिकाजी मेस्त्री म्हणजे आमच्या खाडीकाठच्या मेढ्यातले नावाजलेले होडीवाले. त्यांनी आयुष्यात कागदावर रेघ मारली नव्हती. नुसत्या नजरेवर त्यांनी पडाव बांधले, आणि ते तीस तीस वर्षं पाण्यात राहिले.

मग बापलेकांनी पत्रांतून विमान बांधायला घेतलं. विमानाचं नाव सत्यवान कधी लिहीत नसे, 'आमचा पडाव' म्हणे. फावल्या वेळात तो फीत घेऊन त्याच्या भोवती फिरायचा आणि मापं लिहून धाडायचा. पंख पंचाण्णव फूट. लांबी चौसष्ट. मी ती कागदावर उतरवायचो. सुताराची मापं सुतारालाच कळतात. भिकाजींनी ठरवलं, पेटीतलं विमान फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, या हिशेबानं करायचं, म्हणजे पंख बारा इंचाला एक सूत कमी. पण आधी मोठा नमुना, फुटाला अर्धा इंच, कारण लहानात चूक लपते आणि मोठ्यात ती डोळ्यात खुपते. लाकूड पांगाऱ्याचं, हलकं आणि मऊ. घरामागच्या मांगरात, जिथं एरवी होडीच्या फळ्या असायच्या, तिथं चार हातांच्या बाकावर ते पांढरं विमान हळूहळू उभं राहिलं.

एका गोष्टीवरून बापलेकांत वाद झाला होता, तोही टपालानं. इंजिनांपुढच्या पंख्याची पाती मापाप्रमाणं केली तर पेटीतल्या विमानात ती कागदाएवढी पातळ होत होती आणि हात लागला की मोडत होती. सत्यवानानं लिहिलं, तिथं जाड करा, चालतं, सगळे करतात. भिकाजींना ते चालेना. शेवटी त्यांनी पाती जाड केली, पण कागदावर माझ्याकडून लिहून घेतलं, 'पाती मापापेक्षा जाड केली आहेत.' खेळण्याच्या कागदावर असला कबुलीजबाब कोण लिहितं? पण माणूस तसा होता.

तुकडे नीट बसतात का हे बघायला मला बसवायचे. मला जोडता आलं तर कोणालाही येईल, असा त्यामागचा विचार. मी तीनदा शेपूट उलटं लावलं, तेव्हा त्यांनी शेपटीची खाच एका बाजूला हलवली. उलटं बसूच नये अशी.

तर डावा भाग असा पुरा झाला होता. त्याला मागच्या अंगाला एक रुंद दार, ज्यातून पोती ढकलत. उजवा भाग म्हणजे नुसता कोरा ठोकळा. मुंबईच्या खेळणीवाल्या शेठची दोन स्मरणपत्रं आली होती, पण घाई त्यांची नव्हती. घाई मथुराबाईंची होती, सत्यवानाच्या आईची.

देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि पुढचे दिवस करतात. भाऊबंद येऊन तसं सांगून गेले, भटजीही येऊन गेले. मथुराबाईंनी सगळ्यांना परत पाठवलं. जिवंत माणसाचे पिंड घालायचे नाहीत, हे त्यांचं म्हणणं. त्या मांगरात येऊन विमानासमोर बसत. विमानाचं छप्पर उचलून वेगळं करता येई. आत पुढं बिनतारी यंत्राची जागा, तिथं भिकाजींनी कोरलेला एक माणूस बसवला होता. पाच फूट नऊ इंच, म्हणजे तीन इंचाला एक सूत कमी. मागं पोती. ती मथुराबाईंनीच जुन्या धोतराची शिवली होती, वाळू भरून, चाळीस. सत्यवानानं लिहिलं होतं तितकीच. पोती रचली की त्या माणसापासून दारापर्यंत बोट जायलाही वाट उरत नसे.

"ह्या अंगान तो भायर पडाचो नाय, तां माका दिसता," त्या एक दिवस आम्हां दोघांना म्हणाल्या. "पण त्या अंगाक काय आसा? थंय दार आसलां तर तो भायर पडलो आसतलो. तां सांगा. मगे काय करूचां तां करा."

होडी असती तर प्रश्नच नव्हता. होडीची एक बाजू कळली की दुसरी तशीच. भिकाजींनी आधी तसंच धरलं होतं, ठोकळ्यावर दाराची खूणही केली होती. मग त्यांना वाटलं, तसं असतं तर सत्यवानानं वेगळं पत्र कशाला धाडलं असतं? खूण त्यांनी रंध्यानं काढून टाकली.

मी कचेरीला इंग्रजीत पत्र लिहिलं. तसली माहिती देता येत नाही असं सभ्य उत्तर आलं. मी वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रं चाळली. विमानांचे फोटो पुष्कळ, पण झाडून सगळे डाव्या बाजूचे. कारण मंत्री उतरतात ते दारातून, आणि फोटो काढणारा उभा राहतो तो मंत्र्यासमोर. उजव्या बाजूला कोण कशाला जाऊन उभा राहील? दीड महिना मी त्या धुळीत शिंकत काढला आणि मला एकही उजवी बाजू मिळाली नाही.

शेवटी कळलं की खारेपाटणला लवू नावाचा एक जण आहे, लढाईच्या काळात आणि नंतरही विमानतळावर फिटर होता, आता भातशेती करतो. भिकाजी आणि मी एस.टी.नं गेलो. लवू मळणीत होता. आम्हांला काय हवंय ते ऐकून त्यानं हात धुतले आणि खळ्याच्या कडेला बसला. असलीच विमानं त्यानं सात वर्षं दुरुस्त केली होती.

"उजव्या अंगाक दार नाय," तो म्हणाला. "नुसती काच. माणूस जावचो नाय तेतून."

काच केवढी, हे भिकाजींनी विचारलं. लवूनं दोन्ही तळवे समोरासमोर धरले. भिकाजींनी खिशातली घडीची पट्टी काढून त्या तळव्यांमधलं अंतर मोजलं. अकरा इंच. त्यांनी त्याला हात तसेच धरायला सांगितलं आणि पुन्हा मोजलं. अकराच भरले. लवूनं विचारलं, विमानात तुमचं कोण होतं. भिकाजी मुलासाठीचा एकच शब्द म्हणाले, "झिल." निघताना लवूनं बांधापर्यंत येऊन आम्हांला वाट दाखवली, त्याची गरज नव्हती.

परतीच्या गाडीत भिकाजी खिडकीकडे तोंड करून बसले होते. कणकवली मागं पडल्यावर म्हणाले, "मास्तरानु, माका एक दार काढून देवा. उजव्या अंगाक."

मी म्हटलं, लवू काय म्हणाला ते ऐकलंत ना?

"नाय आसा तां माका कळलां. माका कळलां तेवढां पुरे. तिका नको."

मी नको म्हणायला हवं होतं. पंख्याची पाती केसभर जाड केली म्हणून ज्यानं कागदावर कबुली लिहून घेतली, तो माणूस माझ्याकडे नसलेलं दार मागत होता. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हो म्हणालो. दार मी कागदावर काढलं. उंची-रुंदी त्यांनी सांगितली, मी कशाला म्हणून विचारलं नाही. सरळ रेघ मारण्याबद्दल माझी शाळेत ख्याती आहे. इतक्या सरळ चार रेघा मी कधी मारल्या नसतील.

आम्ही परत आलो त्याच दिवशी मथुराबाईंना सांगितलं की उजव्या अंगाला दार आहे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात सत्यवानाच्या ट्रंकेतले कपडे उन्हात घातलेले दिसले. शेजारणींना त्या सांगत होत्या की तिकडे डोंगरात वाटा नसतात, माणूस चालत यायला वर्ष लागतं. मी त्या आळीनं जायचं टाळू लागलो.

आठ दिवसांनी दार पुरं झालं. यंत्राच्या जागेच्या मागं लगेच, बारीक बिजागरीसकट, उघडमिट होणारं. दुपारी मी गेलो तेव्हा मथुराबाई विमानाशी बसल्या होत्या. भिकाजी पलीकडे करवतीला धार लावत होते.

मथुराबाईंनी छप्पर बाजूला ठेवलं. लाकडी माणूस चिमटीत धरून उठवला, उजव्या दाराशी नेला आणि बाहेर काढला. तो सरळ उभा बाहेर आला, डोक्यावर एक सूत जागा राहिली. मला वाटलं, झालं, सुटलो. पण त्यांनी त्याला परत आत ठेवला. मग एकेक करून चाळीसही पोती बाहेर काढून मांडीवर घेतली आणि मोकळ्या वाटेनं त्याला मागं डाव्या दाराशी नेला. तिथं त्याचं डोकं चौकटीला लागलं. त्याला वाकवल्याशिवाय तो बाहेर येईना. पुन्हा त्यांनी त्याला उजवीकडे नेलं. सरळ बाहेर. पुन्हा डावीकडे. करवतीचा आवाज थांबला होता.

"एकाच विमानाची दोन दारां," त्या म्हणाल्या. "एका दारात तेका वाकूचां लागता, दुसऱ्यात नाय."

मी काहीतरी बोलायला गेलो. सरकारी विमानं, दोन दारं दोन कामांची, असलं काहीतरी.

"मास्तरानु, तुमी गप ऱ्हवा." माझ्याकडे न बघताच त्यांनी सांगितलं. मग नवऱ्याकडे बघितलं. "ह्यां दार विमानाचां न्हय. ह्यां तुमी केलास. तेच्या मापाचां."

भिकाजींनी करवत खाली ठेवली. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की दारातून बाहेर पडायचंही सुचेना. मथुराबाईंनी तो लाकडी माणूस पदरात बांधला. पोती होती तशी परत आत रचली, एकावर एक, शेवटच्यापर्यंत. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"भटजीक सांगान धाडा," त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या.

तिसऱ्या दिवशी खाडीच्या कडेला दर्भाच्या पुतळ्याला अग्नी दिला. पुतळ्यात त्यांनी पदरातली गाठ सोडून तो माणूस ठेवला. तीन इंचाला एक सूत कमी. भटजींनी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही.

दिवस झाल्यावर भिकाजींनी उजवं दार काढून टाकलं. तिथं पांगाऱ्याचा तुकडा बसवला, रंधा मारला, आणि अकरा इंचाच्या हिशेबानं खिडक्या कोरल्या. मी जोडणीचा नवीन कागद काढला. पुढचा पावसाळा संपून आगबोट सुरू झाली तेव्हा पहिल्या दोनशे पेट्या मुंबईला गेल्या. करवतीचं आणि कोरण्याचं काम भिकाजींचं, कागद माझा. तुकडे घासायला त्यांनी एक बाई ठेवणार म्हटलं होतं, पण उजव्या अंगाचे तुकडे मथुराबाईंनी मागून घेतले. त्या दुसऱ्या कोणाला त्यांना हात लावू देत नसत.

महिन्याभरानं शेठचं पत्र आलं. विमान चांगलं खपतं आहे, आणखी पाठवा. एकच तक्रार आहे: उजवी बाजू एवढी गुळगुळीत का घासता? तिच्यावर रंग धरत नाही, डावीसारखी खरखरीत राहू द्या.

मी पत्र वाचून दाखवलं आणि काय उत्तर लिहू म्हणून विचारलं. भिकाजींनी मांगराच्या दाराकडे बघितलं. तिथं उजेडात मथुराबाई बसल्या होत्या. पॉलिशपेपर बाजूला ठेवून त्यांनी हातातल्या तुकड्यावरून अंगठा फिरवला, जिथं दार नव्हतं त्या जागेवरून, पुढून मागं आणि मागून पुढं. मग पॉलिशपेपर पुन्हा उचलला.

"काय लिहू नका," भिकाजी म्हणाले.