धुराड्याखालचे देव

रत्ना हातात बाळकृष्ण घेऊन दिवाणखान्याच्या मधोमध उभी होती.

"आता हे ठेवायचे कुठे?" गुरुनाथांनी विचारलं. त्यांच्या दोन्ही हातांत ताम्हण होतं आणि ताम्हणात अन्नपूर्णा, शंख, घंटा, खंडोबाचा टाक, सगळं एकत्र दाटीवाटीनं बसलं होतं.

दारात कॉलीन उभी होती. खांद्यावर लांब दांड्यांचा जुडगा, काखेत घडी घातलेलं जाड कापड. पन्नाशीची, उंच, केस टोपीत कोंबलेले. वडिलांच्या मागं धुराडी साफ करण्याचा त्यांचा धंदा तीच बघत होती. घरातली फायरप्लेस म्हणजेच देवघर आहे, हे तिला फोनवर सांगायचं गुरुनाथांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"टेक युअर टाइम," ती म्हणाली आणि दारातल्या चपलांची रांग बघून आपले बूट काढायला वाकली.

"डायनिंग टेबलवर ठेवू," रत्ना म्हणाली.

"खरकट्या जागी?"

"पुसून घेते ना. अहो, ती बाई थांबलीय."

टेबल पुसून झालं, त्यावर धुतलेली चादर पसरली गेली, आणि कितीतरी वर्षांनी देव विटांच्या त्या कोनाड्यातून बाहेर आले.

पार्सिपनीतलं हे घर त्यांनी घेतलं तेव्हा गुरुनाथ काउंटीच्या रस्ते विभागात इंजिनिअर होते आणि रत्ना इस्पितळाच्या रक्तपेढीत नोकरीला लागली होती. मुलगी हिमानी चालायला शिकत होती. घर घेतलं त्याच वर्षी गुरुनाथांचे वडील मिरजेला वारले, आणि हिवाळ्याच्या तोंडावर त्यांची आई इकडे राहायला आली. आल्या आल्या त्यांनी घरभर फिरून बघितलं. दिवाणखान्यातल्या फायरप्लेसपुढे थांबल्या. तीन बाजूंनी विटा, वर कमान, पुढे दगडी पायरी. "देवांसाठी मुद्दाम बांधल्यासारखं आहे बाई," असं म्हणून त्यांनी तिथे पाट मांडला आणि पिशवीतून मिरजेचे देव काढले.

तेव्हापासून तिथे रोज निरांजन लागलं. लाकूड मात्र कधी लागलं नाही. आई अकरा वर्षं राहिल्या आणि तिथेच, त्या कमानीसमोर सतरंजीवर बसल्या बसल्या जपमाळ ओढत म्हाताऱ्या झाल्या. त्या गेल्यावर पूजा गुरुनाथांकडे आली. घरी येणारी मराठी मंडळी ते देवघर पाहून हसायची, फोटो काढायची, पुढेपुढे तर दोनतीन घरांनी तसंच केलं.

यंदा दसऱ्याच्या आधी तीन दिवस सलग पाऊस लागला. सकाळी पूजेला बसलेल्या गुरुनाथांना अन्नपूर्णेच्या डोक्यावर गंजकट रंगाचा ओघळ दिसला. त्यांनी पुसला. संध्याकाळी पुन्हा. मग त्यांनी धुराडंवालीला फोन लावला.

कॉलीननं पायरीवर कापड अंथरलं, मोठा व्हॅक्यूम लावला, कोनाड्यात पाठीवर आडवी झाली आणि वरची लोखंडी झडप उघडायला लागली. झडप गंजून घट्ट बसली होती. तिनं हातोडीनं दोनचार टोले दिले तशी ती करकरत उघडली आणि पानं, काटक्या, वाळलेली माती असं सगळं भस्सकन खाली आलं. त्यात एक अर्धगोल, डिंकानं चिकटवल्यासारखं छोटंसं घरटं होतं.

"पाखरांचं आहे, जुनं," कॉलीन इंग्रजीत म्हणाली. "उन्हाळ्यात ती धुराड्यात राहतात. आता दक्षिणेला गेली असतील."

"चिमणीत चिमणीचं घरटं," गुरुनाथ म्हणाले आणि स्वतःच हसले. मग कॉलीनला हा विनोद समजावायला लागले, की आमच्या भाषेत स्पॅरोलाही चिमणी म्हणतात. पण हे पाखरू स्पॅरो नव्हतंच, असं कॉलीननं सांगितलं, आणि विनोद तिथेच राहिला. रत्ना मात्र तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावून हसली.

दांड्या एकमेकींना जोडत कॉलीननं ब्रश वरपर्यंत नेला. काजळी पडत राहिली, जुन्या मालकांच्या काळातली, चकचकीत काळी. मग तिनं एका दांडीला बारीक कॅमेरा लावून वर सोडला आणि टॅबलेटवर आतला बोगदा दाखवला.

"हे बघा. वरचं सिमेंटचं झाकण तडकलंय, पाणी तिथून येतं. ते मी नवीन करून देते, वर जाळीची टोपी बसवते. पण आतले मातीचे पाइपही फुटलेत. आग पेटवली तर उष्णता भिंतीत जाईल. म्हणून दोन मार्ग आहेत. नुसतं वरून दुरुस्त करून खालून पत्रा ठोकून बंद करते. पाणी येणार नाही, थंडीही येणार नाही. किंवा आत स्टीलचा अखंड पाइप घालते, झडप बदलते, मग तुम्ही लाकडं जाळू शकता. तुम्हाला आग हवी आहे का?"

"नो, नो," गुरुनाथ म्हणाले. "जस्ट क्लोज इट. वी डोन्ट..."

"हवी आहे," रत्ना म्हणाली. ती मराठीत बोलून गेली होती. मग तिनं इंग्रजीत सांगितलं, "आय वुड लाइक अ फायर."

गुरुनाथ तिच्याकडे बघायला लागले. कॉलीननं दोघांकडे एकदा पाहिलं आणि दांड्या सोडवायला घेतल्या. "विचार करून कळवा," ती म्हणाली. "थंडी जोरात पडायच्या आत सिमेंट वाळायला पाहिजे एवढंच."

जाताना तिनं कमानीच्या आतल्या बाजूला टॉर्च मारला. एका विटेवर तळहाताएवढा मऊ काळा डाग होता. "हा लाकडाचा नाही," ती म्हणाली.

"तुपाच्या दिव्याचा," रत्ना म्हणाली. "माझ्या सासूबाई लावायच्या. आता हे लावतात."

"पुसू का?"

"नको, राहू दे."

संध्याकाळी टेबलावर देव असल्यामुळे दोघं स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उंच स्टुलांवर जेवायला बसले. गुरुनाथांनी आमटीभात कालवला, पण घास घेतला नाही.

"तू एकदम असं का म्हणालीस?"

"कसं?"

"आग हवीय म्हणून. आईनं बसवलेले देव आहेत ते. आपण दोघंही सत्तरीला आलो, आता कुठे लाकडं फोडत बसणार?"

"लाकडं फोडलेलीच मिळतात. गॅरेजमध्ये आणून टाकतात."

"मुद्दा तो नाहीये, रत्ना."

तिनं त्यांच्या पानात लोणचं वाढलं. "हे घर आपण पहिल्यांदा बघायला आलो तो दिवस आठवतोय तुम्हाला?"

"हो तर. ड्राइव्हवेचा उतार चुकलेला होता. मी एजंटला म्हटलं होतं, पाणी गॅरेजकडे येणार."

"जानेवारी होता. बर्फ पडत होता. हिमानी कडेवर रडत होती. आपण त्याआधी किती घरं बघितली होती, सगळी थंडगार, रिकामी. आणि इथे आत आलो तर एजंटनं आग पेटवून ठेवली होती. हिमानी गप्प झाली. मी तिला घेऊन त्या पायरीवर बसले. तुम्ही बेसमेंट बघत होतात. मी तेव्हाच ठरवलं की हेच घर."

"तू तर म्हणाली होतीस की किचन आवडलं."

"तुम्हाला पटेल असं काहीतरी सांगायला हवं होतं ना."

गुरुनाथांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं.

"इस्पितळाला काही स्नो डे नसायचा," रत्ना म्हणाली. "सगळ्यांची ऑफिसं बंद असायची आणि मी गाडीवरचा बर्फ खरवडून जायची. रक्तपेढीत दिवसभर त्या थंड पिशव्या हाताळायच्या. येताना रोज वाटायचं, घरी जाऊन त्या पायरीवर हात शेकत बसावं. अर्धा तास. कोणी काही मागू नये. तेवढंच."

"मग बोलली नाहीस ती कधी? इतक्या वर्षांत?"

"कुणाला बोलणार? आईंना म्हटलं असतं तर त्यांनी त्या क्षणी देव उचलले असते. तोंडातून शब्द काढला नसता. पण मग त्या बसल्या असत्या कुठे?" रत्नानं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "आपण दोघं कामावर, हिमानी शाळेत. बाहेर बर्फ. टीव्ही कळायचा नाही, फोन उचलायला घाबरायच्या. या अख्ख्या घरात तेवढी एक जागा त्यांनी स्वतः होऊन निवडली होती. ती कशी मागायची?"

गुरुनाथांनी थंड झालेला भात संपवला, ताट धुतलं आणि डायनिंग टेबलापाशी जाऊन उगीचच देवांवरची चादर सरळ केली.

"आणि त्या गेल्यावर?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"त्या गेल्यावर तुम्ही तिथे बसायला लागलात."

दुसऱ्या दिवशी रत्ना वरच्या मजल्यावर कपड्यांच्या घड्या घालत होती. खालून गुरुनाथांचा फोनवरचा आवाज आला. ऑफिसात कंत्राटदारांशी बोलायचे तसा, प्रत्येक शब्द सुटा.

"येस, कॉलीन. द स्टील पाइप. नो, नॉट क्लोज. टू बर्न." मग थोडं थांबून, "माय वाइफ वॉन्ट्स अ फायर."

रत्नाच्या हातात त्यांचाच शर्ट होता. तिनं त्याची घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

दोन दिवसांचं काम दिवाळीच्या आधी झालं. कॉलीन छपरावर दोर बांधून उभी राही आणि गुरुनाथ खाली अंगणात मान वर करून. सिमेंटचा उतार बाहेरच्या बाजूला द्या, असं त्यांनी सांगितलं, तर तो तसाच देतात असं तिनं वरून सांगितलं. दुपारी ते तिला चहा नेऊन देत. आलं घातलेला चहा तिला आवडला नाही, पण तिनं तो दोन्ही दिवस प्यायला. स्टीलचा पाइप वरून आत सरकवला तेव्हा घरभर घसरत्या पत्र्याचा आवाज घुमला. सुटलेल्या विटांमध्ये नवा चुना भरला गेला. शेवटी तिनं एक वर्तमानपत्राचा बोळा पेटवून कोनाड्यात धरला आणि धूर सरळ वर ओढला गेला तो दोघांना दाखवला.

तोवर देव डायनिंग टेबलावरच होते. तिथली खिडकी पूर्वेची. सकाळी ऊन थेट बाळकृष्णाच्या तोंडावर यायचं. आणि एक गोष्ट रत्नाच्या लक्षात आली होती. गुरुनाथ आता खुर्चीवर बसून पूजा करत होते. पूर्वी पूजा झाल्यावर कमानीच्या विटांना धरून उठायला त्यांना दोन प्रयत्न लागायचे, दुसऱ्या वेळी तोंडातून बारीक आवाज निघायचा. आता ते अथर्वशीर्ष पूर्ण म्हणत होते, मधली घाई गेली होती.

एका शनिवारी ते दुकानातून अक्रोडाच्या रंगाची फळी आणि ती भिंतीला धरायचे लोखंडी कोन घेऊन आले आणि खिडकीजवळच्या भिंतीला लेव्हल लावून खुणा करायला लागले.

"काय करताय?"

"टेबल मोकळं नको का व्हायला? किती दिवस ओट्यावर जेवायचं?" पेन्सिल कानावर ठेवत ते म्हणाले. "आईला गुडघ्यांचा त्रास नव्हता. असता तर तिनंही देव इथेच बसवले असते."

"इथेच," रत्ना म्हणाली आणि फळीचं दुसरं टोक धरायला पुढे झाली.

लक्ष्मीपूजन त्या फळीवरच झालं. रेडमंडहून हिमानीनं व्हिडिओ कॉल केला. नवीन जागा बघून ती म्हणाली, "आई, यू गाइज मूव्ह्ड द गॉड्स? आजीची जागा?" आणि मग, "बाबा ओके आहेत ना?"

"बाबांनीच फळी ठोकली," रत्नानं सांगितलं.

खरी थंडी पडली ती नोव्हेंबरच्या मध्यावर. दुपारी चारलाच उजेड जायला लागला होता. गॅरेजमध्ये वाळलेल्या ओकची लाकडं रचून ठेवलेली होती. गुरुनाथांनी इंटरनेटवर बघून बारीक काटक्या, त्यावर जाड फाटे, मध्ये हवेला जागा अशी रचना केली. रत्नानं ती थोडी मोडून आपल्या मनासारखी लावली. लहानपणी अकोल्याला बंबात जळण घालायचं काम तिचंच असायचं.

"लाव," गुरुनाथ म्हणाले आणि काडेपेटी तिच्या हातात दिली.

तिनं खाली वाकून काडी लावली. कागद पेटला, काटक्या तडतडल्या, धूर क्षणभर बाहेर डोकावला आणि वर गेला. जाळ मोठा झाला तसा कमानीतल्या विटांचा रंग बदलायला लागला. काळा डाग होता तिथपर्यंत ज्वाळा पोचली. गुरुनाथ तिकडे बघत होते. रत्नानं त्यांच्याकडे पाहिलं, तर ते म्हणाले, "चालायचंच. आग म्हटली की काजळी आली."

रत्ना पायरीवर बसली, पाय पोटाशी घेऊन, तळवे पुढे करून. गुरुनाथांनी आपली खुर्ची ओढून मागं घेतली. त्यांनी काही मागितलं नाही. थोड्या वेळानं तिनं स्वेटर काढून बाजूला ठेवला.

मग जाळ बसत आला म्हणून ती लाकडं आणायला उठली.

"मी आणतो," गुरुनाथ म्हणाले.

"बसा तुम्ही."

गॅरेजचं दार अंगणात उघडायचं. हातावर तीन लाकडं घेऊन ती बाहेर आली. गवतावर पातळ बर्फ धरायला लागला होता आणि समोरच्या घरातला माणूस कचऱ्याचे डबे रस्त्याकडे ओढत होता. त्यानं हात वर केला. हात अडकलेले म्हणून रत्नानं मान हलवली. मग तिनं वर बघितलं.

तिच्या घराच्या छपरावरून धूर निघत होता. निळसर, बारीक, आधी सरळ वर जाणारा आणि मेपलच्या उघड्या फांद्यांच्या उंचीवर गेल्यावर रस्त्याच्या बाजूला झुकणारा.

दार किलकिलं झालं. "अगं, काय करतेयस? आत ये, गारठशील."

"येते," रत्ना म्हणाली, आणि लाकडं छातीशी धरून तिथेच उभी राहिली.